‘रु’चे निळे प्राणी आणि सुमेधा पिंपळखुटे

सुमेधा पिंपळखुटेने शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या जपानी म्हातारीला पोरासोरांच्या खेळात हरवून ढसाढसा रडवलं आणि त्या अपमानापायी ते अख्खं कुटुंब चंबूगबाळं आवरून मायदेशी निघून गेलं, ही बातमी गेल्या मार्चमध्ये आमच्या टेक्सासातल्या प्लेनोभर झाली. दुकानात आंब्याच्या पेट्या आल्याची बातमीही आमच्याकडे इतक्या वेगाने फिरत नाही. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या फ्रिस्को गावात पोचली. तिसऱ्या दिवशी म्हातारी बेशुद्ध पडली होती. आठवड्याअखेरीस दारात ॲम्ब्युलन्स आली. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात मी दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेत होतो, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “गेली म्हणे ती.”

यातली ॲम्ब्युलन्स माझी. बाकीचं माझं नाही.

बातमीचा उगम शुभा. आमच्या मंडळात शुभा हे बातम्यांचं घाऊक दुकान आहे, आम्ही सगळे किरकोळ विक्रेते. पण तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिने जे पाहिलं ते सांगितलं. काय पाहिलं ते पुढे येईल.

सुमेधा मूळची नागपूरची. लग्न होऊन शहाऐंशी साली अमेरिकेत आली. नवरा विक्रम पुलांची कामं करणारा इंजिनियर होता. टेक्सासातल्या हायवेच्या दोनचार पुलांखालून जाताना ती अजूनही गाडीत “हा आमचा” म्हणते. विक्रमला जाऊन सहा वर्षं झाली. ती स्वतः सव्वीस वर्षं इथल्या एका सार्वजनिक लायब्ररीत काउंटरवर होती. पुस्तक उशिरा परत करणारे लोक तिची शिफ्ट टाळून यायचे म्हणतात. मुलगा अनीश मिनेसोटात, ईडन प्रेरीला. दर रविवारी फोन, थँक्सगिव्हिंगला भेट. एकूण काय, तुमच्या-आमच्यासारखंच.

वेगळं एवढंच की सुमेधा भेंड्यांत कधी हरली नव्हती.

मंडळात हळदीकुंकू असो, बारसं असो की कुणाचं रिटायरमेंट, जेवणं झाली की सतरंज्या पसरतात आणि गाण्याच्या भेंड्या सुरू होतात. दोन बाजू, शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं, आणि अडला त्याच्यावर भेंडी चढते. लोक हे हसतखेळत करतात. सुमेधा करत नाही. ती पाठीला उशी न घेता मांडी घालून बसते, समोरच्याला मुद्दाम कठीण अक्षर देते आणि तासापूर्वी कोणतं गाणं कुणी म्हटलं ते सगळं डोक्यात ठेवते. कुणी चुकून तेच गाणं परत उचललं, तर पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तिचा हात वर जातो आणि आवाज येतो, “झालंय!”

यावरून तिला पाठीमागे ‘झालंयबाई’ म्हणतात. नाव कुणी ठेवलं ते मी सांगणार नाही.

एकदा मंडळाचे अध्यक्ष सत्यजित यांचे वडील भारतातून आले होते. वय ब्याऐंशी. त्यांनी मोठ्या हौसेने डोळे मिटून एक पद सुरू केलं. सगळे माना डोलवायला लागले. सुमेधा म्हणाली, “झालंय, काका. मघाशी तुम्हीच म्हटलंत.”

काकांनी डोळे उघडले. सत्यजित म्हणाला, “सुमेधाताई, अहो जाऊ द्या ना यार, बाबा आहेत.”

“मग बाबांनी दुसरं म्हणावं. आवाज चांगला आहे त्यांचा.”

काकांनी दुसरं म्हटलं. चांगलं म्हटलं. तरी त्या दिवसापासून अर्धं मंडळ तिच्यावर डूख धरून आहे.

आता शेजारी. एका जपानी मोटार कंपनीचं मोठं ऑफिस आमच्याकडे आल्यापासून प्लेनोत जपानी कुटुंबं बरीच झाली आहेत. सुमेधाच्या डाव्या हाताच्या घरात तीन वर्षांपूर्वी ओकाबे नवरा-बायको राहायला आले. नवरा सकाळी साडेसहाला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, त्यामुळे तो कसा दिसतो याबद्दल गल्लीत दोन मतं होती. बायको यूका, चाळिशीची, इंग्रजी चांगलं बोलणारी, भेटली की वाकून नमस्कार करणारी. दोन वर्षांत सुमेधाचं तिच्याशी “हाय” आणि “सो हॉट टुडे” याच्यापुढे काही गेलं नव्हतं.

मग गेल्या वर्षीच्या मेमध्ये ओकाबेची आई आली, फुमीसान. जपानच्या दक्षिणेला अमामी नावाचं बेट आहे, तिथल्या. एकट्या राहायच्या. घरात पडल्या, कंबर दुखावली, म्हणून मुलाने इकडे आणलं. इंग्रजी शून्य. कंबर बरी होताच त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बांबूच्या दांड्याचा झाडू काढला आणि पहाटे घरासमोरचा फुटपाथ झाडला. आणि झाडत झाडत हद्द ओलांडून सुमेधाच्या घरासमोरचाही झाडला.

प्लेनोत फुटपाथ कुणी झाडत नाही. दर पंधरा दिवसांनी लॉनवाले येतात आणि यंत्राने पालापाचोळा याच्या दारातून त्याच्या दारात उडवून जातात.

सुमेधाने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या नागपुरी डोक्यात तिडीक गेली. तिने अनीशला फोन लावला. “शेजारची म्हातारी माझ्या दारासमोर झाडते आहे. म्हणजे माझं अंगण घाण आहे, असं म्हणायचंय तिला?”

“आई, शी इज बीइंग नाइस.”

“नाइस कसलं? टोमणा आहे तो.”

दुसऱ्या दिवशी सुमेधा पाचला उठली. न्यू जर्सीत आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून बहिणीने पाठवलेला खराटा गॅरेजमध्ये पडून होता. तो घेतला, स्वतःचा फुटपाथ झाडला आणि ओकाबेंचाही झाडला, पार पलीकडच्या मेलबॉक्सपर्यंत. तिसऱ्या दिवशी फुमीसान पावणेपाचला बाहेर. चौथ्या दिवशी सुमेधा साडेचारला. आमच्या गल्लीत कुत्रं फिरवायला निघणारा अमित सांगतो, की जूनचा पूर्ण महिना दोन बायका अंधारात एकमेकींचं अंगण झाडत होत्या आणि फुटपाथवर जेवायला बसावं इतका तो स्वच्छ होता. शेवटी एका सकाळी दोघी एकाच वेळी, एकाच रेषेवर, झाडू टेकवून समोरासमोर उभ्या राहिल्या. फुमीसान खाली वाकल्या. सुमेधानेही हात जोडले. मग फुमीसान हसल्या आणि त्यांनी कपाने पिण्याची खूण केली.

चहा झाला. भाषा नव्हती. यूका मध्ये बसून दुभाषेपण करायची, पण तिला घरातली कामं असायची. मग दोन बायकांनी समोरासमोर बसून करायचं काय? फुमीसान यूकाला काहीतरी म्हणाल्या. यूका जरा ओशाळून म्हणाली, “आई विचारतायत, तुम्ही शब्दांचा खेळ खेळाल का? लहान मुलांचा आहे. एकाने शब्द म्हणायचा, त्याचं शेवटचं अक्षर घेऊन दुसऱ्याने.”

सुमेधाचा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल ते मी बघायला नव्हतो, पण कल्पना करू शकतो.

हा खेळ जपानात पोरंसोरं खेळतात, जशा आपल्याकडे गावांच्या भेंड्या. फुमीसाननी चाळीस वर्षं बेटावरच्या एका शाळेत मुलांचा स्वयंपाक केला होता आणि दुपारच्या सुट्टीत मुलांबरोबर हाच खेळ खेळल्या होत्या. त्यांचा स्वतःचा एक नियम होता: फक्त प्राणी. किडा, मासा, पाखरू काहीही चालेल, पण जिवंत पाहिजे. एकदा आलेला प्राणी त्या डावात परत आणायचा नाही, हा नियम दोन्ही देशांत सारखाच निघाला. आणि एक नियम आपल्याकडे नाही तो असा, की ‘न’ने संपणारा शब्द म्हटला की तुम्ही तिथेच हरता, कारण हा पायमोडका ‘न’ त्यांच्याकडे ‘ना’, ‘नु’हून वेगळं अक्षर आहे आणि त्याने सुरू होणारं काही नसतं.

सुमेधाने लायब्ररीतून लहान मुलांचं चित्रांचं जपानी पुस्तक आणलं, शंभर प्राणी पाठ केले आणि ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी पदर खोचून खेळायला बसली. तिसऱ्याच फेरीला म्हणाली, “किरीन.” म्हणजे जिराफ.

यूकाने तोंडावर हात ठेवला. फुमीसान हसल्या.

“काय झालं? ‘न’ दिलाय की. सोपं अक्षर दिलंय, माझा चांगुलपणा म्हणून!”

“सुमेधासान,” यूका म्हणाली, “तुम्ही हरलात.”

हरलं की दोन्ही तळवे टेकवून ‘माकेमाशिता’ म्हणायचं, म्हणजे ‘मी हरले’. यूकाने शिकवलं. सुमेधाने म्हटलं. पुढच्या डावात ती ‘रायोन’ म्हणून सिंहावर हरली, त्याच्या पुढच्या डावात पेंग्विनवर.

अक्षरं पाठ करायला तिला तीन आठवडे लागले. अडुसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चौकटीच्या वहीत. ‘न’च्या खड्ड्यात पडायचं थांबलं. मग तिला खरा खड्डा कळला. तो ‘रु’चा.

जपानीत ‘रु’ने संपणारे प्राणी ढिगाने आहेत. माकड सारु, बेडूक काएरु, बदक आहिरु, करकोचा त्सुरु, जळू हिरु. घरातलेच सगळे. आणि ‘रु’ने सुरू होणारे शोधायला जावं तर चित्रांच्या पुस्तकात एकही नाही. फुमीसान शांतपणे चहाचा घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, “सारु.” सुमेधा बसायची छताकडे बघत. आपण मंडळात तीस वर्षं लोकांना जे केलं ते आता कुणीतरी आपल्याला करतंय, हे तिला कळत होतं आणि त्याबद्दल तिला आदरच वाटत होता.

ती तिच्या जुन्या लायब्ररीत गेली. तिच्या जागेवर आता रुचा नावाची पुण्याची मुलगी आहे. तिने दुसऱ्या राज्यातून जपानी पक्ष्यांचं आणि किड्यांचं पुस्तक मागवून दिलं. त्यात सुमेधाला किल्ली सापडली. जपानीत गडद निळ्या रंगाला ‘रुरी’ म्हणतात, एका निळ्या रत्नावरून. म्हणजे जो जो प्राणी निळा, त्याच्या नावाआधी ‘रुरी’ लागण्याची शक्यता. आणि असे निळे प्राणी, ज्यांची नावं जपानी शहरी माणसालाही धड ठाऊक नसतील, हळूहळू तिच्या वहीत जमायला लागले. रुरिबिताकी, शेपटी सतत हलवणारं लहानसं पाखरू. रुरिबोशिकामिकिरी, लांब मिशांचा, आकाशी अंगावर काळे ठिपके असलेला किडा. रुरितातेहा, काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेलं फुलपाखरू. रुरिसुझुमेदाई, प्रवाळात राहणारा निळाशार मासा. आणि रुरिकाकेसु, निळं डोकं आणि तपकिरी पाठीचा, आपल्या कावळ्याच्या गोतातला पक्षी, जो सगळ्या जगात फक्त अमामी आणि तिच्या आसपासच्या बेटांवर सापडतो. म्हणजे फुमीसानच्या अंगणातला.

ही यादी तिने देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावली. शुभाने ती पाहिली आणि बाहेर सांगितलं, की सुमेधाने कुठल्याशा गुरूचा जप घेतलाय, निळ्या देवाचा आहे.

एका सकाळी सिंकपाशी उभी असताना तिला कुंपणावर एक पाखरू दिसलं. पाठ निळी, छाती विटकरी. टेक्सासात ते वर्षभर असतं. विक्रमने त्याच्यासाठी कुंपणाला लाकडी खोकं ठोकून ठेवलं होतं, आणि ती तीस वर्षं त्याला नुसतं ‘ब्लूबर्ड’ म्हणत आली होती. तिने पुस्तक उघडलं, त्यात ते नव्हतं, म्हणून इंटरनेटवर शोधलं. जपानीत त्याचं नाव रुरित्सुगुमी. ‘रु’चा प्राणी तिच्याच कुंपणावर बसून होता. जपानात तो नाहीच, त्यामुळे बेटावरच्या शाळेत कुणी त्याचं नाव घेतलेलं असण्याची शक्यता कमी. सुमेधाने तो राखून ठेवला.

दारूगोळा जमला होता. आता एकदा जिंकायचं, एवढंच उरलं होतं. घाईही होती, कारण ओकाबेंची बदली आली होती. मार्चमध्ये परत जायचं, हे जुलैतच ठरलं होतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सुमेधाने पहिल्यांदा उलटा हल्ला केला. “काएरु.” फुमीसान म्हणाल्या, “रुरिकाकेसु.” ठीक. पाचसहा फेऱ्यांनी सुमेधाने परत दिलं, “हिरु.” फुमीसान आनंदाने म्हणाल्या, “रुरिकाकेसु!”

सुमेधाचा हात निम्मा वर गेला. तेवढ्यात तिला यूका दिसली. यूका फुमीसानच्या मागे उभी होती आणि मान हलवत होती. नको. नको.

दाराशी चपला घालताना यूका हळू आवाजात म्हणाली, “आईंची स्मरणशक्ती जातेय. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना टोकू नका, शांत ठेवा. एकदा म्हटलेला शब्द त्या परत म्हणतात. आम्ही कुणी काही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका, प्लीज.”

सुमेधाने शब्द दिला. घरी आली आणि अनीशला फोन लावला.

“मी जिंकले होते.”

“वॉव, आई. ग्रेट.”

“ग्रेट काय? बोलायचं नाही म्हणतात. तिची पिशवी रिकामीच होत नाही रे. घातलेलंच परत काढते. तिला ‘रु’ दिला की तेच बेटावरचं पाखरू. मग मी जिंकायचं कसं?”

“आई, शी इज एटी-फोर. तिला मेमरी लॉस आहे. लेट हर विन.”

“मी कुठे अडवलंय? ती जिंकतेच आहे. मला एकदा जिंकायचंय.”

“व्हाय इज इट सो इम्पॉर्टंट?”

सुमेधाने फोन ठेवून दिला. याचं उत्तर तिच्याकडे असतं, तर ती झालंयबाई झालीच नसती.

सप्टेंबर ते मार्च, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सुमेधा ओकाबेंकडे जाऊन हरत राहिली. ती मुद्दाम हरत नव्हती, हे लक्षात घ्या. जीव तोडून खेळायची. निळे प्राणी एकेक करून वापरायची, आणि प्रत्येक डावात कधीतरी फुमीसान आधी येऊन गेलेला प्राणी परत आणायच्या, यूका चहात साखर नसतानाही चमचा ढवळायची, आणि सुमेधा दात आवळून पुढचा शब्द शोधायची. सहासात पुनरावृत्ती गिळल्या की शेवटी तीच कुठेतरी अडायची. मग तळवे टेकवून ‘माकेमाशिता’. फुमीसान वाकून नमस्कार करायच्या. पण पूर्वी जिंकल्यावर त्या हसायच्या, तशा आता हसत नव्हत्या. हे सुमेधाच्या लक्षात आलं होतं. यूकाच्या आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर तिने चमचा ढवळला.

फेब्रुवारीत एकदा फुमीसाननी सुमेधाला खूण करून विचारलं, की तुला बरं नाही का? म्हणजे तिच्या खेळात काहीतरी बिघडलंय, एवढं त्यांना जाणवलं होतं. सुमेधाने यूकाकडे पाहिलं. यूकाने सांगितलं, की त्या थकल्या आहेत.

“मी थकलेले नाहीये,” सुमेधा इंग्रजीत म्हणाली. यूकाने ते भाषांतरित केलं नाही.

शेवटचा मंगळवार. गुरुवारी सामानवाले येणार होते. ओकाबेंच्या घरात खोक्यांचे ढीग, भिंतींवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन. टेबल गेलं होतं, म्हणून जमिनीवर एक खोकं उलटं ठेवून त्याच्यावर चहा. यूका खोक्यांवर पत्ते लिहीत होती. सुमेधा मांडी घालून बसली. आज जिंकली नाही, तर पुन्हा कधीच नाही, हे सरळ होतं. शब्द दिलाय, तो पाळायचा, हेही सरळ होतं. ती मनाशी ठरवून आली होती, की आज फुमीसानला ‘रु’ द्यायचाच नाही. ‘नु’ द्यायचा. ‘नु’चे प्राणीही तितकेच दुर्मीळ आहेत. त्यात अडल्या, तर कुणाला टोकावं लागणार नाही.

पण सवय वाईट. चौथ्या फेरीला तोंडातून गेलंच, “काएरु.”

“रुरिकाकेसु,” फुमीसान म्हणाल्या.

डाव पुढे चालला. खोक्यांना टेप लावल्याचे आवाज येत होते. पंधरावीस प्राणी येऊन गेले, आणि मग सुमेधाला हवी ती जागा सापडली. तिने साध्या चेहऱ्याने कुत्रा पुढे केला. “इनु.”

फुमीसान थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग म्हातारीने मान वर केली. “नूतोरिआ.” म्हणजे पाणथळ जागी राहणारा, नारिंगी दातांचा, घुशीसारखा मोठा प्राणी. टेक्सासच्या ओढ्यांतही असतो.

वा, म्हणाली सुमेधा, आणि खरंच म्हणाली. ‘आ’ आला होता. तिने विचार न करता समोर होतं ते उचललं. “आहिरु.”

“रुरिकाकेसु,” फुमीसान म्हणाल्या.

“झालंय!”

हात वर गेलेला होता. मराठीत, मंडळातल्या आवाजात. रिकाम्या घरात आवाज घुमला. यूकाच्या हातातला मार्कर थांबला.

फुमीसाननी सुमेधाकडे पाहिलं, मग सुनेकडे. काहीतरी विचारलं. यूकाने घाईने उत्तर दिलं. नंतर तिनेच सुमेधाला सांगितलं, की तिने आईंना सांगितलं होतं, ‘त्यांना तुमचा शब्द फार आवडला’.

फुमीसाननी ते ऐकून घेतलं. मग त्या सुमेधाकडे वळल्या आणि तिच्या वर गेलेल्या हाताकडे बोट दाखवलं. हात खाली आला नव्हता. जिंकल्याचा हात होता तो, शब्द आवडल्याचा नव्हे. कुठल्याही देशातल्या शाळेत चाळीस वर्षं मुलांशी खेळलेल्या बाईला एवढं कळतं.

त्यांनी एक बोट वर केलं आणि प्रश्नार्थक पाहिलं.

सुमेधाने दोन बोटं वर केली. मग म्हणाली, “काएरु, रुरिकाकेसु.” खोक्यावर जरा पुढे बोट ठेवलं. “आहिरु, रुरिकाकेसु.”

फुमीसान तोंडातल्या तोंडात डाव मागे मागे उलगडत गेल्या. आहिरु, नूतोरिआ, इनु... पुढचे काही सापडले, काही नाही. काएरुपर्यंत पोचल्या, की पोचल्या असं मानलं, ते सांगता येत नाही. “आ,” म्हणाल्या. मग पाय नीट दुमडून बसल्या, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले आणि कपाळ खाली नेलं.

“माकेमाशिता.”

हा शब्द सुमेधाला चांगलाच पाठ होता. दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. उलट काय म्हणायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिनेही तळवे टेकवले.

मग फुमीसान सुनेला दोनतीन वाक्यं बोलल्या. आवाज चढा नव्हता. यूकाने एका शब्दात उत्तर दिलं, मार्करला टोपण लावलं आणि पुढच्या दाराने बाहेर जाऊन पायरीवर बसली.

फुमीसाननी दोघींच्या कपांत चहा ओतला आणि दुसरा डाव मांडला. पहिलाच शब्द म्हणाल्या, “त्सुरु.” करकोचा. म्हणजे ‘रु’. आणि हसल्या. पूर्वीसारख्या.

सुमेधा म्हणाली, “रुरित्सुगुमी.”

फुमीसाननी मान हलवली. असा प्राणी नाही, म्हणून. सुमेधा उठली आणि त्यांना हाताला धरून मागच्या खिडकीशी घेऊन गेली. पाखरू विक्रमच्या खोक्यावर बसलेलं होतं. फुमीसान वर्षभर त्याच खिडकीतून ते बघत आल्या होत्या. काचेशी नाक नेऊन त्यांनी दोनदा तोंडात घोळवून पाहिलं, रुरित्सुगुमी, रुरित्सुगुमी, आणि शब्द मान्य आहे अशी मान हलवली. ‘मी’वरून पुढे चालू.

तो डाव सुमेधा अठराव्या फेरीला ‘रु’वरच अडून हरली.

निघताना दाराशी यूका बसलेलीच होती. सुमेधाने चपला पायात न घालता हातात घेतल्या, कारण पायरी अडली होती. “काय म्हणाल्या त्या?” तिने विचारलं.

“विचारत होत्या, हे अजून कुणाकुणाला माहीत आहे,” यूका म्हणाली. “मी म्हटलं, सगळ्यांना.”

सॉरी म्हणावं असं सुमेधाला वाटलं, पण कशाबद्दल ते ठरवता आलं नाही. म्हणून म्हणाली नाही. हे तिनेच मला मंडळाच्या स्वयंपाकघरात, पातेली घासताना सांगितलं, आणि वर म्हणाली, “तुम्ही आता हे सगळीकडे करणार, माहीत आहे मला. निदान नीट करा.”

तर त्याच वेळी, समोरच्या बाजूला, शुभा सुमेधाचं इडलीपात्र परत द्यायला आली होती. घरात कुणी नाही म्हणून वळली, तर शेजारच्या पायरीवर एक जपानी बाई ओंजळीत तोंड लपवून रडतेय आणि सुमेधा चपला हातात घेऊन तिच्या शेजारून निघतेय. दारात खोकी रचलेली. शुभा लांबूनच परतली. इडलीपात्र अजून तिच्याकडेच आहे.

ओकाबे कुटुंब कंपनीने आदल्या जुलैत दिलेल्या तारखेलाच गेलं. पायरीवर रडत होती ती सून. फुमीसान त्या वेळी आत चहा पीत होत्या. ॲम्ब्युलन्स आलीच नव्हती.